डाव्या हाताचं अक्षर

तोराची गुंडाळी अर्धी लिहून झाली होती, तेव्हा कातडं ताणायची जड लाकडी चौकट लेखनिकाच्या उजव्या मनगटावर कोसळली. हाड सांधलं, पण बोटांत जीव आला नाही. पेला धरावा तर निसटायचा; मग लेखणीचं तर नावच नको.

ज्यूंचा हा धर्मग्रंथ हातानंच लिहावा लागतो, शुद्ध जनावराच्या कमावलेल्या कातड्यावर, काळ्याभोर शाईनं. अक्षराला अक्षर चिकटलं की बाद. ‘दालेत’ या हिब्रू अक्षराचा कोपरा गोल झाला की त्याचं ‘रेश’ हे अक्षर होतं आणि ‘देव एक आहे’ यातला ‘एक’ जाऊन तिथं ‘दुसरा’ येऊन बसतो. असलं काम आता याच्याच्यानं कसलं होतंय, असं प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी परस्पर ठरवून टाकलं. ते सत्काराचा बेत घेऊन घरी आले. कोण बोलणार हे ठरलं होतं, उरलेले रकाने लिहायला परगावचा लेखनिकही ठरला होता.

“हात गेलाय माझा, मी नाही गेलो,” लेखनिक म्हणाला. “सत्कार मेल्यावर करा. तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही.”

त्यानं पिसाच्या लेखणीचं टोक उलट्या बाजूनं तिरपं कापलं आणि कातड्याच्या कातरणांवर डाव्या हातानं गिरवायला बसला. बायको मायफळं, हिराकस आणि डिंक घालून शाई करायची. पहिली अक्षरं बघून ती म्हणाली, शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेलीय. तरी दुसऱ्या दिवशी तिनं दौत भरून ठेवली. एक मात्र बरं होतं: हे लिखाण उजवीकडून डावीकडे जातं, त्यामुळे डावा हात ओल्या अक्षरांवर पडत नव्हता. हिवाळा सरला, उन्हाळाही गेला, तेव्हा कुठे दालेतचा कोपरा ताठ उभा राहिला.

अडचण पुढेच होती. गावचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हा त्याचाच सख्खा थोरला भाऊ, आणि भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तो इतरांपेक्षा दुप्पट कडक.

“उजव्या हाताच्या माणसानं डाव्यानं लिहिलेलं बाद,” थोरला म्हणाला. “यात मला काही करता येत नाही.”

“ज्याचा उजवा निकामी, त्याचा डावा हाच उजवा. हेही तूच शिकवतोस, दादा.”

“तुझी दोन बोटं हलतात.”

“हलतात. माशी हाकलण्यापुरती.”

बायकोनं मध्ये तोंड घातलं. भाऊजींना सांगितलं की हे जेवतात डाव्यानं, गुंड्या लावतात डाव्यानं, माझ्याशी भांडताना बोट नाचवतात तेही डावंच. थोरला हसला नाही. पण एकट्यानं निकाल द्यायला तो तयार नव्हता. त्यानं बाहेरच्या दोन रब्बींना बोलावलं.

मधल्या काळात विश्वस्तांनी एक तोड काढली. लेखणी उजव्या हातात अडकवायची, डाव्यानं फक्त आधार द्यायचा. बंद खोलीत कोण बघतंय? लेखनिकानं खांद्यानं रेटत आपलं मेज रस्त्याकडच्या खिडकीपाशी आणलं, पडदा काढून टाकला, आणि डाव्या हातानं गिरवत बसला. भाजीवाली थांबून बघायची, बँकेत जाणारे बघायचे. विश्वस्तांनी रस्ता बदलला.

तिघा रब्बींनी डॉक्टरला विचारलं, हात चाचपला, तासन्‌तास वाद घातला. निकाल लागला तो असा: डाव्यानं लिहिलेलं ग्राह्य. मात्र उजव्या हातात लेखणी पुन्हा कधीच घ्यायची नाही, बोटं सुधारली तरीसुद्धा.

त्या हातानं लेखनिकानं आयुष्य काढलं होतं. “नाही घेणार,” तो म्हणाला.

हात मोडला त्या दिवशी अडलेल्या ओळीत पुढचा शब्द देवाचं नाव होता. ते लिहिलं की पुसता येत नाही. चुकलं तर सबंध पान बाद होऊन जमिनीत पुरावं लागतं. थोरला म्हणाला, आज नको, हात बसू दे. लेखनिकानं लेखणी बुडवली, हे नाव पवित्र भावानं लिहितो असं रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, आणि लिहिलं. थोरल्यानं पानावर वाकून एकेक अक्षर तपासलं. कुठंच बोट ठेवायला जागा नव्हती. तो पाठ वळवून डोळे पुसू लागला.

गुंडाळी पुरी झाली. ती उघडली की कुणालाही दिसतं: एका ओळीपासून अक्षरं जरा दुसरीकडे कलली आहेत. विश्वस्तांनी सुचवलं की तेवढं पान पुन्हा लिहावं, म्हणजे बदल नव्या पानापासून सुरू होईल आणि नजरेत भरणार नाही.

“भरू दे,” लेखनिक म्हणाला. “अक्षर एकही चुकलेलं नाही. मी काय लपवू?”

ते पान तसंच राहिलं.