जमिनीवर घेतलेली चाचणी

दादाचं विमान डोंगरावर आदळलं आणि दादा गेला. हे झालं. आता ते झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण आमच्या घरात सगळे तसंच करतायत. आई म्हणते, "कुठेतरी उतरला असेल. मेल्याला फोन करायची सवयच नाही." मग गडबडीने 'मेल्याला' तेवढं मागे घेते.

दादा टपालाचं छोटं विमान चालवायचा, वहिनी त्याच विमानाची मेकॅनिक. तो म्हणायचा, "बायका नवऱ्याच्या चुका फुकट काढतात, माझी मात्र पगार घेऊन काढते."

त्या दिवशी खूप उंचावर विमानातली वीज गेली आणि विजेवरचे इंधनपंप थांबले. तशी घाबरायची गोष्ट नाही. इंजिनाचा स्वतःचा पंप टाकीतून इंधन ओढून घेतो. पण तिथे हवा विरळ. इंधनात बुडबुडे होतात, पंप बुडबुडेच चोखत बसतो आणि इंजिन उपाशी राहतं. अशा वेळी मुकाट खाली यायचं. दादा खालीच येत होता. खाली ढग होते आणि ढगात डोंगर.

विजेचे पंप बंद ठेवून इंजिन चालतं का, ही चाचणी वहिनीने आदल्याच दिवशी घेतली होती. नियमाप्रमाणे, जमिनीवर. इंजिन मजेत चाललं. जमिनीवर सगळीच इंजिनं गुणी असतात.

काल वहिनीने लांब पारदर्शक नळी आणली. अंगणात पाण्याची बादली ठेवून मला राखणीला उभं केलं. पहिल्या मजल्यावरून तिने नळीने ओढलं. पाणी तोंडाशी पोचलं. मग ती दुसऱ्या मजल्यावर गेली.

"भाऊजी, चढतंय का?"

"मध्येच अडलंय."

तळमजल्यावरचे काका बाहेर आले. "सूनबाई, ग्लासने प्या की."

"वर ग्लास नसतो, काका."

ती ओढत राहिली. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. नळीतलं मात्र तिथेच.

"वहिनी, पुरे. तुझी चाचणी बरोबर होती."

"बरोबरच होती हो," ती म्हणाली. "खाली होती."

मग जिना उतरून आली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमचं अक्षर बरं आहे. ऑफिसला अर्ज लिहा." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो:

'सदर विमानाची इंधन ओढण्याची चाचणी त्याच उंचीवर पुन्हा घेण्यात यावी, व चाचणीच्या वेळी संबंधित वैमानिकाने आपल्या आसनावर स्वतः हजर राहावे, ही नम्र विनंती.'