माझ्यातली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुने पिंप आहे, ओकच्या लाकडाचे. बोटाने टकटक केलीत तर आवाज पोकळ येईल. पूर्वीही तो थोडा पोकळच यायचा. तेव्हा ती कौतुकाची गोष्ट होती.

कारागिराने माझ्या फळ्या आगीवर शेकून वाकवल्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या, आणि ज्युराच्या डोंगरउतारावर अन्सेल्मच्या तळघरात मला जागा मिळाली. तो माझ्यात पांढऱ्या द्राक्षांची वाइन भरायचा आणि पुढची सहा वर्षे बुचाला हात लावू द्यायचा नाही. लाकडातून वाइन हळूहळू उडून जाते. इतर मुलखांत ती तूट लगेच भरून काढतात, नाहीतर हवेने वाइन आंबट होते. आमच्याकडे भरत नाहीत. त्या रिकाम्या जागेत वाइनवर यीस्टची पातळ, करडी साय धरते. इथले लोक तिला ओढणी म्हणतात. ओढणी हवेला अडवते, अगदी थोडी आत सोडते. त्यातूनच वाइन सोनेरी होते आणि तिला अक्रोडाचा वास येतो. ओढणी बुडाली की सारे संपले.

अन्सेल्मची बायको ओदिल दुसऱ्या मुलखातली. तिच्या माहेरी पिंपे काठोकाठ भरलेली असत.

"असं अर्धवट पिंप आमच्याकडे ठेवलं असतंस ना, तर बाबांनी तुला जेवायला वाढलं नसतं," ती नवऱ्याला चिडवायची.

"म्हणून तर तुझे बाबा जन्मभर मासेच खातात," तो म्हणायचा. "त्यांची वाइन कोंबडीपुढे टिकणार कुठे?"

कोंबडी म्हणजे गुच्छी नावाच्या रानातल्या अळंब्या आणि दाट साय यांत शिजवलेली. ती तो स्वतः रांधायचा, आणि त्यात माझीच वाइन ओतायचा. शेजारचा बाप्तिस्त आपण मुरवलेले जुने कोंते चीज घेऊन यायचा, एक घोट घ्यायचा आणि बराच वेळ बोलायचाच नाही. माझी याहून मोठी स्तुती कोणी केली नाही.

शेवटच्या वेळी मला भरताना अन्सेल्म आपल्या लेकीला, लुसीलला म्हणाला, "ही तुझ्या लग्नाची. कोंबडी मीच रांधणार."

चौथ्या हिवाळ्यात तो गेला.

एका दुपारी ओदिल खाली आली. तो टकटक करायचा तशी तिने केली. आवाज पोकळ आला. तिने पुन्हा केली, थोडी खाली, मग आणखी खाली, आवाज भरीव येईपर्यंत. मित्रांनो, तिला सगळे माहीत होते. इतकी वर्षे ती या घरात राहिली होती. पण ती पोकळी त्या दिवशी तिला सोसवली नाही. तिने नव्या वाइनचा घडा आणला, बूच उपटले आणि मला काठोकाठ भरले.

"काही कमी पडू देणार नाही, अन्सेल्म," ती म्हणत होती.

ओढणीच्या चिंध्या झाल्या आणि त्या तळाशी गेल्या.

वसंतात बाप्तिस्तने माझ्या बाजूच्या लहान तोटीतून चव पाहिली. घोट तोंडात तसाच ठेवून त्याने हळूच विचारले, "बूच कोणी काढलं, ओदिल?"

"मीच."

त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि तो वर निघून गेला.

लुसीलच्या लग्नात कोंबडी झाली नाही. माझी वाइन आता पातळ, आंबटसर झाली होती. सायीत आणि गुच्छीत ती हरवून गेली असती. ओदिलने नदीतले मासे लोण्यात तळले. माशांबरोबर ती वाइन चालून गेली. अंगणातले बोलणे झरोक्यातून मला ऐकू येत होते. कोणीतरी टोमणा मारला, "अन्सेल्मच्या लेकीचं लग्न आणि ताटात मासा? त्याच्या सासऱ्याने अखेर डाव साधला म्हणायचा."

हशा पिकला. तो ओसरल्यावर ओदिल म्हणाली, "कोंबडीला जी वाइन हवी होती, ती मी बुडवली."

मग ग्लासात वाइन ओतल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने लुसील डोक्यावरच्या ओढणीसकट खाली आली आणि माझ्याशेजारी बसली. "बाबा," ती म्हणाली, "आई सगळ्यांना वाढतच सुटली आहे. ग्लास जरा खाली गेला की लगेच भरते."

त्यानंतर मला कोणी भरले नाही. ओदिल अजून अधूनमधून येते. टकटक करते, ऐकते आणि बुचाला हात न लावता जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी कोणाची जागा रिकामी झाली, तर ती भरायची घाई करू नका. तिच्यात काय धरत असते, ते बाहेरून दिसत नाही.