उतरवलेली कावीळ

टिकारामनं पितळी परातीत चुन्याचं पाणी ओतलं आणि आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेले बहिणीचे हात त्यात बुडवले. अल्काची बोटं धरायलाही भीती वाटावी इतकी बारीक झाली होती. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा पडला होता.

दवनीवाड्यातल्या या घरात आजोबांपासून कावीळ उतरवली जायची. आजोबा पिवळे होऊन मेले, मग बाबाही तसेच. दुसऱ्यांची कावीळ अंगावर घेऊन मेले, असं गाव म्हणालं आणि बाबांच्या तेरवीला न बोलावलेलेही आले. टिकारामनं मात्र परात माळ्यावर टाकली, दारात आलेल्यांना हाकलून लावलं. पाणी पिवळं होतं ते सालीच्या रसानं, हे त्याला ठाऊक होतं. पण भीतीला तेवढं कळत नाही.

मागल्या दिवाळीला अल्का सौंदडहून माहेरी आली तेव्हा पाठ दुखते, जेवण जात नाही म्हणत होती. त्यानं हसण्यावारी नेलं. तिनं कधी कोणाची कावीळ उतरवली नव्हती, तिला काय होणार? सासरच्या कामाचा कंटाळा आला असेल, असंही वर म्हणाला. तीही हसली होती.

नंतर नागपूरच्या डॉक्टरनं स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला, पसरलेला. घरात आधी कोण कसं गेलं ते विचारलं, अल्काचं रक्त तपासलं. हा दोष रक्तातून पुढच्या पिढीत उतरतो, टिकारामला बाजूला घेऊन तो म्हणाला. सगळ्यांत उतरतोच असं नाही, उतरला तरी रोग होतोच असंही नाही, पण टिकारामनं आणि अल्काच्या मुलीनं, साक्षीनं, तपासून घ्यायलाच हवं. त्याला महिना होत आला. टिकारामनं घरी याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. अल्कानं हट्ट धरला म्हणून आज परात तेवढी काढली.

पाणी पिवळं झालं तसे तिनं हात ओढून घेतले.

"बस झालं दादा. तुले लागन."

"नाही लागत."

"बाबाले नाही लागली काय? सासरी जिंदगीभर हेच सांगतलं मी, माहा बाप लोकायसाठी मेला म्हणून."

अंगणात साक्षी आईचं लुगडं वाळत घालत होती. टिकारामनं तिच्याकडे पाहिलं.

"हातानं नाही येत ते, अल्का. रक्तातच हाये आपल्या. आज्याच्या, बाबाच्या, तुह्या. डॉक्टर म्हणे."

तिनं ओले हात पदराला पुसले.

"मंग बाबा लोकायसाठी नाही मेले?"

"नाही."

"अन् साक्षी?"

"तपासा लागते. तिलेबी, मलेबी."

"कवापासून मालूम हाये तुले?"

"महिना झाला."

"अन् तू पानी पिवळं करत बसला."

अल्का कोपरावर जोर देऊन उठू लागली. तो आधार द्यायला पुढे झाला, तर तिनं त्याचा हात बाजूला सारला.

"साक्षी, राहू दे ते काम," तिनं हाक मारली. "इकडं ये. मामाले तुले काही सांगाचं हाये."