कार्डाचं तोंड

संगणकाच्या पोटात नवं कार्ड बसवून रूपालीला तास उलटला होता, आणि कार्ड आपलं ढिम्म! जुन्या यंत्राच्या यूएसबीच्या सगळ्या खोबणी पावसाळ्यात मेल्या, म्हणून जादा खोबणींचं हे कार्ड तिनं शहरातल्या दीपकच्या दुकानातून आणलं होतं. कीबोर्ड आणि माऊस गोल पिनांवर तगून होते, पण कॅमेरा आणि हेडफोन लावायचे कुठे? चार वाजता मुलाखत. घरी बसून ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी, आणि मोबाइलवर चालणार नाही असं त्या लोकांनी बजावलेलं. ही नोकरी हुकली तर संगणकाच्या कोपऱ्यात झेंडूचे क्रेट येणार, हे तिच्या नवऱ्यानं, जीवननं, कधीच जाहीर करून टाकलं होतं. दसरा तोंडावर, मखमलाबादच्या मळ्यात फुलांना जागा पुरत नव्हती.

तिनं दीपकला फोन लावला.

"ताई, पॉवर दिली का त्याला?"

"म्हणजे काय! संगणक चालू आहे की."

"संगणकाची नाही हो, कार्डाची. त्याच्या मागच्या अंगाला चपटी खोबण आहे बघा. तिला वेगळी वायर लागते."

आता काय म्हणावं! एवढंसं ते कार्ड, आणि त्याचा थाट वेगळा. तिनं बटण बंद केलं, प्लग काढला, आत डोकावली. पॉवरच्या डब्यातून निघालेल्या सगळ्या वायरी कुठे ना कुठे गुंतलेल्या.

"सीडी लावता का कधी?" दीपकनं विचारलं.

"लग्नाची लावली होती एकदा."

"मग सीडीची काढा, हिला लावा."

तिनं तसं केलं. पंखा घरघरला, पडदा उजळला. कॅमेऱ्याचा दिवा मात्र मेलेलाच, आणि संगणकातल्या उपकरणांच्या यादीत कार्डाचं नावही नाही. रूपालीचं डोकं भंजाळलं. वीज दिली, वायर दिली, आता आणखी काय द्यायचं याला?

"उलटं बसवलंस तू," जीवन मागून म्हणाला.

"ते उलटं बसतच नाही."

"मग सुलट बसवलं म्हणूनच चालत नसेल."

दारात सासूबाई, नवसाबाई, झेंडूच्या माळा ओवत होत्या. पंखा घरघरला की त्यांची सुई थांबायची. झालं असेल मनासारखं, रूपालीला वाटलं. दोन वर्षांत या बाईनं संगणकाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता.

दीपकनं शेवटचा उपाय सांगितला, कार्ड काढून त्याच्या कडेचे, आत रुतणारे सोनेरी दात बघा, मळले असतील तर खोडरबरानं घासा. मळतील कसे, नवंकोरं कार्ड! तरी तिनं ते काढून उजेडात धरलं. दातांवर पिवळं काहीतरी, वर लाल. गंज? तिनं वास घेतला. हळद! ओल्या बोटानं लावलेलं, चांगलं वाळून बसलेलं हळदीकुंकू.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"मी? मी कशाला कार्डाला कुंकू लावत बसू?" जीवन बघतच राहिला.

नवसाबाईंनी माळ टोपलीत टाकली आणि त्या आत निघून गेल्या. रूपाली कार्ड हातात घेऊनच मागे गेली. ओट्याशी उभ्या राहून सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"काल सगळे मळ्यात होते तवा लावलं," त्या म्हणाल्या. "तुझं नवं काम, नवी वस्तू. सोन्याची बाजू दिसली, म्हटलं हेच तोंड असंल. तुझे सासरे गेल्यापासून कुणाला कुंकू लावलं नाय मी. कुणी बघत नाय म्हटलं आन् लावलं. लागला ना माझा हात! बंदच पडलं बघ."

रूपालीला आधी काही सुधरेचना. रागवावं, हसावं, की रडावं?

"आई, तुमच्या हाताचा काय संबंध? या दातांतून वीज जाते. तिथं काहीही लागलं तरी बंद पडतं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

"चला बाहेर, दाखवतेच तुम्हाला."

तिनं खोडरबर शोधून दात लख्ख घासले, कार्ड बसवलं, वायर जोडली, बटण दाबलं. कॅमेऱ्याचा निळा दिवा चटकन लागला. हेडफोनही बोलू लागला. जीवननं चक्क टाळी वाजवली! रूपालीनं जिंकल्यासारखं सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा आणखीच उतरलेला.

"बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझं कुंकू पुसलं तवाच चाललं."

अगं बाई! यंत्र सुधारलं आणि माणूस जास्तच बिघडलं. दीपकला फोन करून विचारण्यासारखंही हे नव्हतं. चारला दहा मिनिटं होती.

रूपाली उठली, देवघरातला करंडा आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला. मग खुर्चीत बसून तिनं तोंड वर केलं.

"मला लावा."

"येडी का खुळी तू? आज? मुलाखतीला?"

"आजच. बघू तरी, मी बंद पडते का."

नवसाबाईंनी जीवनकडे पाहिलं. त्यानं पुढे होऊन करंड्याचं झाकण काढून दिलं. सवय मोडलेल्या बोटानं लावलेलं कुंकू भुवईकडे कललं. "वाकडं झालं गं," म्हणून त्या पदर पुढे करायला लागल्या, तर रूपालीनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि तशीच कॅमेऱ्यासमोर बसली.