मोठेबाबांच्या नावावरच्या झडत्या

मोठेबाबा झोपले असतील असं समजून मी उद्याच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड नीट करत बसलो होतो, तर खाली सतरंजीवरून पुटपुट ऐकू आली.

"पाटलाच्या बैलाले सरकीची ढेप... सरकीची ढेप... अन् पुढं काय व्हतं बाप्पा?"

पुढं काय होतं ते मला पाठ होतं. सालदाराच्या डोक्यावर पाण्याची खेप. पाठ नसायला काय झालं, ती झडती मीच केली होती!

मी यवतमाळला मराठीत एम.ए. करतो. कोर्सवर्कला लोकपरंपरेचा प्रकल्प होता, मी पोळ्याच्या झडत्या घेतल्या. तोरणाखाली बैल उभे राहिले की एका बाजूनं कोणी दोन ओळी फेकायच्या, गावातल्या कोणाची तरी टर उडवायची, अन् दुसऱ्या बाजूनं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. नेरजवळच्या आमच्या गावात यात उकंडा मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, हात धरणारा कोणी नव्हता. आता तोरणाखाली बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त, अन् डीजेपुढं झडती ऐकतो कोण? मोठेबाबांनी आठवून आठवून दहा-बारा सांगितल्या. "बाकीच्या पुढच्या रविवारी सांगतो, ये," म्हणाले. पुढच्या रविवारी मी टर्फवर क्रिकेट खेळत होतो. जमा करायची तारीख आली तेव्हा उरलेल्या मी एका संध्याकाळी चहा पीत ठोकून दिल्या आणि खाली मोठेबाबांचं नाव टाकलं. लाज वाटली का? खरं सांगू, मजा आली.

अन् निशिगंधा मॅडमना नेमकी माझीच आवडली! "अंकुर, यात सालदाराचं अख्खं आयुष्य आहे," म्हणाल्या. तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण मार्कांचा मोह वाईट. मग मॅडमनी परस्पर मोठेबाबांना फोन करून उद्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं दिलं आणि तीच झडती म्हणायची विनंती केली. मोठेबाबा फोनवर हो हो म्हणाले. आज मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना नेरला एसटीत बसवून दिलं, कंडक्टरलाही लक्ष ठेवायला सांगितलं. आयुष्यभर एकटे फिरलेल्या माणसासाठी कंडक्टर कशाला, असं मला वाटलंच. पण विचारलं नाही.

मी लाइट लावला. "मोठेबाबा, झोपा ना."

"झोप कुठून येईन?" ते उठून बसले. "अंकुर, माह्यावाल्याच झडत्या मले याद येऊन नाही राह्यल्या. तू लिहून घेतल्या म्हणजे म्या सांगतल्याच असन. पन कवा सांगतल्या, तेबी आठवत नाही. आबाचंबी असंच सुरू झालं होतं."

आबा म्हणजे माझे आजोबा. शेवटी शेवटी ते स्वतःच्याच अंगणात उभे राहून "मले माह्या घरी नेऊन द्या" म्हणायचे. त्यांचं सगळं मोठेबाबांनीच केलं होतं.

"तुह्या मोठ्या आईले सांगतलं म्या. तवापासून मले एकट्याले वावरातबी जाऊ देत नाही."

अरे देवा! मी हे काय करून ठेवलं होतं?

"मोठेबाबा, ती झडती तुमची नाहीच. मी केली. मनानंच केली अन् तुमचं नाव टाकलं."

ते कसंनुसं हसले. "माहं मन राखून राह्यला का? पोळ्यात तुह्या तोंडातून कधी शब्द नाही निघाला. तू काय झडती करशीन?"

मी शपथ घेतली, कान धरले. ऐकेचनात. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागले. मला ते सहन होईना. शेवटी सुचलं तसं म्हणून टाकलं,

"पुतण्या गेला शिकाले, झाला मोठा शाहणा,
झडतीच्या पोत्यात त्यानं भरला पोचट दाणा!"

मोठेबाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. अन् लगेच, पोळ्यात जायचा तसाच, तो हात वर गेला.

"पोचट दाण्याले बाप्पा भाव आला फार,
रातभर म्हाताऱ्याच्या डोक्यावर भार!"

वर गेलेला हात त्यांनी आपल्याच कपाळाला लावला.

"मंग माह्या डोक्याले काही झालं नाही?"

"काहीच नाही, मोठेबाबा."

त्यांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं आणि ते रडले. मला वाटलं होतं, कानाखाली देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"उद्या म्याडमले तूच सांगशीन," डोळे पुसून ते म्हणाले.

"सांगतो. नापास केलं तरी सांगतो."

"ते उद्याचं. पयले मोठ्या आईले फोन लाव."

"आत्ता? झोपली असेल ती."

"लाव म्हणतो ना. अन् तूच बोल."

मी फोन लावला. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला गेला. मी तोंड उघडणार तोच मोठ्या आईनं विचारलं, "हरवले का रे ते?"