ज्योत निळी, फ्रिज कोमट

ऑरिनने पुन्हा एकदा फ्रिजच्या तळाशी डोकं घातलं. ज्योत निळी होती. पुस्तकात दाखवतात तशी, न फडफडणारी, निळीशार. आणि वरच्या कप्प्यातलं पाणी कोमट. हा फ्रिज गॅसवरचा. खाली ज्योत पेटली की वर बर्फ व्हायला हवा. याने पेटायचं तेवढं मनावर घेतलं होतं.

"लोण्याचं तेल झालंय," मागून त्याची बायको ट्वायला म्हणाली. "आणि पॅनकेकही बघ. आजही पीठ सगळं एका बाजूला पळालं. इकडे पापड, तिकडे उशी."

"तवा वाकडा असेल."

"तवा वाकडा, शेगडी वाकडी, मी वाकडी. तेवढं तुझं हे लाडकं सोडून सगळं वाकडं."

काल शेकोटीपाशी, सगळ्या तळादेखत, ट्वायलाने अट घातली होती: शनिवारी दुपारपर्यंत बर्फ झाला नाही तर हा डबा बाहेर, आणि तळावरच्याच डेल्बर्टच्या पिकअपमध्ये खोक्यात पडलेला बॅटरीवरचा नवा फ्रिज आत. ऑरिन तावातावात "कबूल" म्हणून बसला होता. ॲरिझोनाच्या या वाळवंटात दर हिवाळ्याला गाडीमागे ओढायची जुनी घरं, म्हणजे ट्रेलर, घेऊन जमणाऱ्या मंडळींत शेकोटीवरचा शब्द कुणी फिरवत नाही. फिरवला तर पुढचे दहा हिवाळे ऐकून घ्यावं लागतं.

दुसऱ्या कुठल्या वस्तूसाठी तो इतका हटून बसला नसता. पण हा ट्रेलर त्याने घेतला तोच मुळी या फ्रिजपायी. विकणाऱ्या म्हाताऱ्याने अंगणात फ्रिजचं दार उघडून बर्फाचा ट्रे काढून दाखवला होता, आणि ऑरिन तिथेच विरघळला होता. मग घरासमोरच्या फरसबंदीवर ट्रेलर लावून त्याने डागडुजी काढली. आतली लाकडी जमीन कुजलेली, बदलली. आस गंजलेला, बदलला. पत्रे, खिडक्या, छत, सगळं बदललं. मूळचा असा आता हा फ्रिजच उरला होता. तोही गेला तर आपण इतका काळ नेमकं काय वाचवत होतो, या विचाराने त्याचा जीव कासावीस होई.

आणि सल्ले! घडीच्या खुर्च्या घेऊन लोक येऊन बसत. एक म्हणाला, बर्नरमध्ये कोळी असेल, कोळ्यांना गॅसचा वास आवडतो. कोळी खरंच होता. ऑरिनने त्याला जाळ्यासकट काढला. दुसरा म्हणाला, धुराड्यात काजळी. तीही काढली, निम्मी स्वतःच्या तोंडाला लावून. असा फ्रिज जरा तिरपा असला तरी गार होत नाही, म्हणून ट्रेलर एका पातळीत आहे का, असं तर प्रत्येकाने विचारलं, आणि प्रत्येक वेळी ऑरिनने बाहेरच्या पत्र्याला चिकटवलेली छोटी पाणसळ, पातळी दाखवणारी काचेची नळी, दाखवली. बुडबुडा मधोमध.

मग उरला या लोकांचा शेवटचा उपाय: फ्रिज बाहेर काढून डोक्यावर उभा करायचा, म्हणजे आत अडकलेला, गारवा आणणारा अमोनिया मोकळा होतो म्हणे. चौघांनी उचलून तो बाकावर उलटा ठेवला. दिवसभर येणारा-जाणारा "रक्त उतरलं का रे डोक्यात?" म्हणून विचारून गेला. ऑरिनला वाटलं, एकेकाला धरून तसंच उलटं टांगावं.

फ्रिज सरळ केला, आत बसवला, पेटवला. शनिवारी दुपारी पाणी कोमटच होतं.

डेल्बर्ट वेळेवर हजर झाला. नवा फ्रिज रुंदीला जास्त निघाला, तेव्हा ऑरिनने स्वतः करवत घेतली आणि बर्चच्या लाकडाच्या कपाटाची कड कापली. आयुष्यात इतक्या रागाने त्याने लाकूड कापलं नव्हतं.

"तो जुना मला दे," शेजारच्या ट्रेलरमधली चेलो म्हणाली. "मक्याचं पीठ ठेवते. उंदरांनी वात आणलाय."

"घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

रविवारी सकाळी चेलो वाडगा घेऊन आली आणि तो तिने त्यांच्या टेबलावर उपडा केला. ठण्णकन बर्फाची अख्खी भाकरी बाहेर पडली.

"कुठून आणलास?" ऑरिनने विचारलं.

"तुझ्याच डब्यातून. म्हटलं, पीठ भरायच्या आधी एकदा पेटवून बघू. आतल्या कप्प्यावर पाण्याची बशी ठेवली, पाणी सारखं दिसेस्तोवर खाली फळ्या सारल्या. तू काय केलं होतंस?"

"पाणसळ बघत होतो."

"कंपनीची?"

"नाही. मी लावली. घरी, डागडुजी करताना."

ट्वायलाच्या हातातला कप वाटेतच थांबला. "घरी म्हणजे? आपल्या फरसबंदीवर? ऑरिन, तिथे चेंडू ठेवला तर रस्त्यापर्यंत जातो!"

ट्रेलर उतारावर उभा असताना ऑरिनने बुडबुडा मधोमध आणून पाणसळ चिकटवली होती, आणि तेव्हापासून जाईल तिथे तो ट्रेलर इमानेइतबारे तिरपा उभा करत होता. त्याला रडूच यायचं बाकी होतं. ट्वायला आधी पोट धरून हसली, मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने हसू आवरलं.

"परत घे बाबा," चेलो म्हणाली. "पिठाला मी पत्र्याचा डबा बघते."

ऑरिनने दारातून आत पाहिलं. कापलेली कड पांढरी दिसत होती. नवा फ्रिज बारीक गुणगुणत होता, आणि शब्द शेकोटीवर दिलेला होता.

"नको," तो म्हणाला. "तुझ्याकडे चालतोय ना? चालू दे. फक्त पीठ भरू नकोस त्यात."

"बरं, नाही भरत."

चेलो गेली. ट्वायलाने बर्फ फोडला, एक तुकडा त्याच्या पेल्यात टाकला, आणि पेला त्याच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली, "बस जरा तिच्याकडे, तुझ्या त्या डब्यापाशी. जेवायला हाक मारते."