कंबरेचं माप

शिवणकाम करणाऱ्या बाईला डॉक्टरकडे न्यायचा बेत तिच्या नवऱ्याचा होता. तो शाळेची बस चालवायचा. हातपाय काटकुळे, गाल बसलेले आणि "लग्नातली कंबर आहे तशीच आहे माझी" हे वाक्य येता-जाता तोंडात. बायको मात्र दोन बाळंतपणांनंतर अंगानं सुटली होती. गुडघे दुखायचे, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. "मनावर घे जरा," तो म्हणायचा, कधी चिडवून, कधी खऱ्या काळजीनं. ती हसण्यावारी न्यायची आणि मशीनवर वाकून बसायची. वाकून बसलं की चेहरा कुणाला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. तो कामावर गेला की ती अधूनमधून त्याच्या पँटची कंबर उसवायची, आत दुमडलेलं कापड बोटभर सोडायची आणि पुन्हा शिवून टाकायची. दिवसभर बसून असतो, पोट काचायला नको, एवढाच तिचा विचार.

दवाखान्यात काट्यावर चढण्याआधी तिनं चपला काढल्या, पर्स खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळही काढलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं उंची घेतली आणि कागदावर आकडेमोड करून दाखवली.

"किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं, जे येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं. हा झाला बीएमआय. तुमचा तीस आलाय."

"म्हणजे नापास का हो?"

"परीक्षा थोडीच आहे ही? साधारण पंचविसाच्या आत असलेला बरा. तिसापासून पुढे गुडघे, रक्तदाब, साखर, हृदय, सगळ्याचाच धोका वाढतो. पण धोका वाढला म्हणजे आजार झालाच असं नाही. चार-पाच किलो उतरले तरी गुडघे दुवा देतील तुम्हाला."

हे ऐकून तिला जरा हलकं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या वजनाबद्दल टोमणा न मारता कुणी बोललं नव्हतं.

"माझंही बघून टाका," म्हणत नवरा काट्यावर चढला. बावीस. "बघ," तो बायकोला म्हणाला आणि कॉलर सारखी केली.

"आकडा छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण चरबी नेमकी कुठे साठलीय ते हा आकडा सांगत नाही. कंबर मोजू या."

"कशाला? लग्नापासून त्याच मापाच्या पँट घालतोय मी."

बायको खाली बघत होती. गप्प बसणं सोपं होतं. पण हल्ली घरी आल्या-आल्या तो पाण्याची अख्खी बाटली तोंडाला लावायचा, ते तिला आठवलं.

"मी उसवते त्या," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की. दरवर्षी."

त्यानं शर्ट वर केला. कंबर सत्त्याण्णव सेंटिमीटर भरली.

"उंचीच्या निम्म्याच्या आत हवी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमची चौऱ्याऐंशीच्या आत असायला हवी होती. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हे धोक्याचं लक्षण. रक्त तपासू."

साखर वाढलेली निघाली.

"बस चालवता येईल ना मला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"येईल. वेळेत कळलंय. गोळी लिहून देते, ती चुकवू नका आणि रोज चाला."

बाहेर आल्यावर दोघं बाकावर बसले. "सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"अंगावरून कुणी बोललं की काय वाटतं ते मला माहीत आहे. तुम्हाला तसं वाटू नये म्हणून नाही सांगितलं."

तो म्हणाला, "मी किती बोललोय तुला."

दुसऱ्या दिवसापासून त्याचा सकाळच्या फेरीनंतरचा गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा बंद झाला. त्याची चिडचिड झाली, पण तो मागे हटला नाही. संध्याकाळी दोघं चालायला निघाले, तर हा सुसाट पुढे. "मी काय बस पकडायला धावतेय का?" तिनं मागून विचारलं. तो थांबला, आणि तेव्हापासून तिच्या चालीनं चालू लागला. तीही जेवणाच्या ताटात भाजी वाढवत, तळलेलं कमी करत गेली. मध्ये महिनाभर काटा जागचा हलला नाही. ती हिरमुसली, त्यानंच ओढून बाहेर नेलं.

पुढच्या तपासणीत तिचे तीन किलो उतरले होते, आकडा एकोणतिसावर आला होता. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली होती. त्याची साखर आटोक्यात येत होती. गोळी मात्र सुरूच ठेवायची होती.

निघताना तो दारातून परत फिरला. त्याच्याबरोबर दोन ड्रायव्हर होते कामाला. एक चांगला आडव्या अंगाचा, वजनाच्या धास्तीनं डॉक्टरकडे फिरकत नव्हता. दुसरा किडकिडीत, आपल्याला काय होतंय म्हणून येत नव्हता.

"दोघांसाठी वेळ मिळेल का?" त्यानं विचारलं.

"त्यांना विचारलंत का आधी?" बायको म्हणाली.

"विचारतो ना. आधी माझंच सांगतो त्यांना."